अर्ध्या चेहऱ्याचा फोटो

भाऊजी गेल्याची बातमी घेऊन गोंदियाजवळच्या गोरेगावहून माणूस आला, तेव्हा सासूबाई अंगणात धान पसरत होत्या. आता महिना उलटला, आणि त्यांचं एकच मागणं आहे: भिंतीवर लावायला लेकाचा फोटो. माझे हे थोरले दीर तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत. दुसऱ्यांचे चेहरे काढण्यात जन्म घालवला आणि स्वतःचा मात्र घरात ठेवला नाही... याचा मला अजून राग येतो.

चेहऱ्यांचं वेड त्यांना कामठ्याच्या आमच्या धानाच्या बांधीत लागलं. कडेचा बांध, म्हणजे धुरा, नीट करताना चांदीची जुनी नाणी निघाली, अंगठ्याच्या नखाएवढी. सासूबाईंनी ती लक्ष्मी म्हणून देवघरात ठेवली आणि दर दिवाळीला चिंच लावून अशी घासली, की मागची अक्षरं पार गेली. एका बाजूला वळलेली राजांची तोंडं तेवढी उरली. भाऊजी सुट्टीत आले की ती पाटावर मांडत, उजेडात तिरपी धरत आणि पुस्तकातल्या क्षत्रप राजांशी ताडून बघत. "आई, राजाचं तोंड खुशाल धू, पण नाक घासू नोको," म्हणत.

नणंदेच्या लग्नात पायातल्या तोरड्यांसाठी ती नाणी सोनाराकडे जायची ठरली. भाऊजींनी वाद घातला नाही. दोन नाणी आईच्या तळहातावर ठेवली. "हा बाप हाये, हा लेक. मिशा येगळ्या, पण नाक पाह्य, येकच हाये."

सासूबाईंनी दोन्ही नाणी जवळजवळ धरून बघितली. मग म्हणाल्या, "बापलेकायले आटवून पोरीच्या पायात घालाचं? कायले?" तोरड्या हलक्या झाल्या, नाणी राहिली.

परवा शाळेतून सगळ्या मास्तरांचा एकत्र काढलेला फोटो मिळाला. सगळे समोर बघताहेत आणि भाऊजी मान ताठ करून मुद्दाम एका बाजूला वळलेले. फोटोवाला "मास्टरजी, इधर देखिए" म्हणून थकला, तर भाऊजी म्हणाले म्हणे, "राजे असेच बसतात." मला हसू आलं आणि लगेच रडूही. अर्ध्यावरून पुरा चेहरा काढता येणार नाही, असं गोंदियाच्या चित्रकाराने साफ सांगितलं.

धास्तावूनच मी तो फोटो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरला, नाकावरून बोट फिरवलं...

"हे नाक तुह्या सासऱ्याचं हाये," त्या म्हणाल्या. "त्यायचा त फोटोच नोता. लाव भिंतीले. दोघंबी आले."