पुण्याच्या मॅडम

कोकणातला माणूस नव्या माणसाला आधी नाव विचारत नाही, गाव विचारतो. गाव कळलं की वाडी, वाडी कळली की घर, आणि घर कळलं की कुठलं ना कुठलं नातं निघतंच. किशोरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचा जन्मच कोकणातला, जामसंड्याचा. तरी पहिल्याच दिवशी पोरीने माती खाल्ली.

ती पुण्यात अन्न तंत्रज्ञान शिकत होती. शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची. वर्गातली पोरं मोठमोठ्या कंपन्यांच्या मागे धावली आणि हिने आपल्याच जिल्ह्यातल्या कुडाळच्या एमआयडीसीतला एक काजूचा कारखाना मागून घेतला. सरांनी कारण विचारलं तेव्हा प्रक्रिया उद्योगाबद्दल काहीतरी ठोकून दिलं. खरं कारण साधं होतं. हॉस्टेलवर मुली तिच्या बोलण्याला हसायच्या, म्हणून ती तोंड मिटून राहायला शिकली होती. आता तिला आपल्या माणसांत बसून पोटभर बोलायचं होतं.

सुपरवायझर गुरुदासने तिला प्रतवारीच्या टेबलापाशी नेलं. अख्खा काजू, पाकळी, तुकडा असे ढीग करत बायका बसल्या होत्या. "ह्या पुण्याच्या मॅडम. आपलं काम बघायला आल्यात," तो म्हणाला. त्यांच्यातली वडीलधारी सीताकाकी उठून उभी राहिली.

"मॅडम, तुमचो गाव खंयचो?"

अंगावर पांढरा कोट, डोक्यावर टोपी, शेजारी सुपरवायझर. किशोरीच्या तोंडून ऑफिसातली मराठी निघाली, "मी पुण्याहून आले आहे." खोटं म्हणावं तर तसं काही नव्हतं. आली होती ती पुण्याहूनच.

पण पुढचे सगळे दिवस त्या वाक्याने खाल्ले. दुपारी बायका गोल करून बसत. डबे उघडले की प्रत्येकीचं कालवण प्रत्येकीकडे फिरायचं, हा तिथला शिरस्ता. किशोरीपुढे मात्र वेगळं झाकण यायचं आणि त्यात बिनतिखटाची बटाट्याची भाजी. सीताकाकी ती मुद्दाम घरून करून आणायची. "पुण्याच्या माणसांका आमचा तिखाट सोसाचा नाय," असं मायेने सांगायची. बांगड्याचं तिखलं नाकासमोरून जायचं आणि ही मुकाट बटाटे गिळायची. वाईट वागणाऱ्याशी भांडता तरी येतं. चांगुलपणापुढे माणसाने काय करावं?

रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय सांगणार? संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर जामसंड्याहून आईचा फोन यायचा. "रमलस मां गो थंय?" "होय गे आये, सगळा बरा आसा." दिवसभरात आपल्या भाषेत बोलायची ती तेवढीच संधी, आणि तीही खोटं बोलण्यात जायची. फोन ठेवला की खोली अशी गप्प व्हायची, की ती उगाच पंखा मोठा करायची. पुण्यात परकी होती ते समजण्यासारखं होतं. आपल्याच जिल्ह्यात परकी होणं तिला सोसत नव्हतं.

शेवटच्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला. बटाट्याचं झाकण बाजूला सारलं आणि म्हणाली, "काकी, माका बांगडो वाढ गो."

एकदम हशा उसळला. "अगो बाय, मॅडम आमच्यासारखा बोलूक शिकली!" एकीने तर टाळ्या वाजवल्या. सीताकाकीला धन्य वाटलं. तिने बांगड्याचा मोठा तुकडा घेतला आणि त्यातले काटे काढत बसली, लहान पोराला भरवताना काढतात तसे.

"काटे नको काढू गो," किशोरी म्हणाली. "माझा घर जामसंड्याक आसा. माशांवरच वाढलंय मी."

हसणं थांबलं. सीताकाकीचे हातही थांबले. "जामसंड्याचा चेडू तू? मगे इतके दिस सांगूक काय झाला? आमची लाज वाटली?"

"नाय गो काकी..." सांगायला उशीर झाला, एवढंच कारण होतं, आणि ते आता तिचं तिलाही पटेना.

सीताकाकीने तो अर्धवट काटे काढलेला बांगडा तिने बाजूला सारलेल्या झाकणात, बटाट्यांशेजारी ठेवला. "जेवा, मॅडम," ती म्हणाली आणि आपल्या डब्याकडे वळली. बाकीच्या बायकाही खाली मान घालून जेवू लागल्या. तिखलं थेट आईच्या हातचं असावं तसं झालं होतं, आणि एका घासानंतर किशोरीने हात पुन्हा बटाट्यांकडे वळवला.