डोणीतलं गोडं पाणी

सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं, पाण्यावरून बोलणी खाणं आता संपलं. कसलं संपतंय!

आमचं गाव दर्यापूरकडचं, खाऱ्या पाण्याचं. विहीर भरलेली, पण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. सासूबाईंच्या माहेरी, अमरावतीकडे, विहिरीत कासव सोडत. त्यानं पाणी स्वच्छ राहतं म्हणत. त्यांनी मोठ्या हौसेनं तिकडून कासव आणून आमच्या विहिरीत सोडलं. खाऱ्या पाण्यानं त्याचे डोळे सुजले. मग ते अंगणातल्या दगडी डोणीत आलं आणि त्याचं पाणी माझ्या गळ्यात पडलं. नदीवरून आणायचं, निवळीची बी घासून गाळ बसवायचा, शिळं झालं की उपसायचं. जरा गढूळ दिसलं की सासूबाई म्हणायच्या, "काहून वं, तू पिशील का हे पाणी?"

त्या वारल्यावर, त्यांनी जीव सोडला त्या जागी संध्याकाळी पीठ पसरून दिवा ठेवला. सकाळी पिठात ज्याची पावलं दिसतील, त्या जन्माला माणूस गेलं असं आमच्यात मानतात. डोणी घासायला काढली होती, कासव घरभर मोकळं फिरत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी पिठात नखांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ. मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, हात जोडले. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

तेव्हापासून मामंजी डोणीपाशीच बसत. "औंदा कापूस चांगला आला वं," असं कासवाला सांगत. त्यानं मान बाहेर काढली तरच घास घेत. ते मिटून बसलं की ताट सरकवून देत. म्हाताऱ्याचा जीव त्या पाण्यावर होता आणि पाणी माझ्या हातात होतं.

दूरदेशी कुठंतरी लढाई लागलेली, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव. दारोदारी ढीग, आणि त्याचं तूस सारखं पाण्यावर बसायचं. मी दिवसभर फडक्यानं ते टिपायची. उन्हाळ्यात नदी आटली. माझे मालक कापसाच्या गाड्या भरून अमरावतीला निघाले, तेव्हा गावातल्या बायका पाटल्या मागत होत्या आणि मी गोडं पाणी मागितलं.

"लोक चांदी आणून राहिले, अन् तुले पाणी पायजे?" मालक हसले. पण रिकाम्या गाडीतून रांजण भरून आणले, आणि डोणीत पाणी ओतताना पायातले जोडे काढून ठेवले. आई होती ना त्यांची.

पुढे नवा रांजण उघडला की मी आधी त्यातलं पाणी घेऊन मूठभर डाळ शिजवायची. डाळ विरघळली तरच पाणी डोणीत. तरी मानेवर कुणाची तरी नजर असायची. तूस टिपायचं राहिलं की कासव मान आत ओढायचं. सासूबाई तोंड फिरवायच्या, अगदी तसं. खरं सांगते, मला भीती वाटायची. अंगणात मी त्याच्याकडे पाठ करणं सोडलं.

पुढे लढाई थांबली, भाव पडले, आणि त्याच सुमारास मामंजी झोपेत गेले. पुन्हा पीठ पसरलं. या वेळी कासव मीच डोणीतून उचललं आणि त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत सोडलं. त्यांनाही कासवाचा जन्म, सासूबाईंजवळची जागा मिळावी, असं मला मनापासून वाटत होतं.

सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. एक ठसा नाही. कासव भिंतीकडे तोंड करून मिटून बसलेलं.

"बाबा जन्माच्या फेऱ्यातून सुटले," मालक म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. सगळे उठून आंघोळीला गेले.

मामंजी सुटले. आणि ती? इतकी वर्षं ज्याचं बोलणं ऐकायला ती थांबली, तो तिला टाकून पुढे गेला. मला रडू आलं. तिच्यासाठी मी पहिल्यांदाच रडले.

मी कासव उचलून डोणीशी आणलं, पाणी हातावर घेऊन चाखलं आणि सासूबाईंना हाक मारायची तसं म्हटलं, "या आत्याबाई, गोडं आहे."

त्यांनी मान बाहेर काढली नाही. मी घागर उचलली आणि दुसरं पाणी आणायला निघाले.