आलेखाची जागा

कॉलेज रोडवरच्या माझ्या छपाईच्या दुकानात ती एकदाच आली. निफाडकडची, द्राक्षावरच्या भुरी रोगावर पीएचडी करणारी. दुसऱ्या दिवशी परिषद होती आणि संशोधनाचं पोस्टर तिने पॉवरपॉइंटमध्ये करून आणलं होतं. छापायला घेणार तोच तिच्या गाइडचा फोन आला, "वर प्राचार्यांचा फोटो घ्या." मग विभागप्रमुखांचं नाव, मग गाइडचं स्वतःचं, जाड अक्षरात. दर फोनला ती "हो सर" म्हणायची, ओढणीने चष्मा पुसायची आणि माऊसने चौकटी सरकवत बसायची.

डोकं माझं तापलं. दुकान मी उभं केलं आणि पाटीवर नाव मेहुण्याचं, ते मला अजून सलतं.

"मॅडम, आता आलेख लहान करा, नाहीतर मावणार नाही."

"तो नाही हो दादा. उन्हातान्हात एकेक पान मोजलंय त्यासाठी."

तिने स्वतःचं नाव निवडलं आणि पार मुंगीएवढं केलं.

"अहो, ते दिसणार कुणाला?" मी ओरडलोच.

"मी पोस्टरशेजारी उभी असणारच ना," ती थकलेलं हसली. "ज्याला आलेख कळेल, तो विचारेल."

वादात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी गुपचूप प्रिंट दिली.