भाऊजींची शांत जागा

माझे भाऊजी कुठेही मुक्काम करायचा म्हटलं की आधी त्या जागेवर घडीची खुर्ची टाकून तासभर बसतात. गाडी आत घ्यायच्या आधी. उभ्याने बघितलेली जागा खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. जागेचा मालक समोर उभा राहून नळ दाखवतोय, वीज दाखवतोय, आणि हे आपले खुर्चीत हाताची घडी घालून गप्प. एका मालकाने मला विचारलंही होतं, यांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर चार माणसं करतात तसं घर बांधावं, फुलझाडं लावावी, तर ते नाही. एक जुनी बस विकत घेतली, सीटा काढून टाकल्या, आत पलंग, ओटा, न्हाणीघर बसवलं आणि ताईला म्हणाले, चल. ताई गेली. मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं काही नव्हतं. सहा वर्षं ती दोघं त्या घरगाडीत राहिली. मी त्यांना तोंडावर गोगलगाय म्हणायचे. भाऊजी हसायचे, ताई हसायची नाही, पण तिलाही ते आवडायचं हे मला ठाऊक होतं.

मग ताईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी वर रेडिएशन सांगितलं. तेहेतीस वेळा, शनिवार-रविवार सोडून रोज, आमच्या शहरातल्या हॉस्पिटलात. मधे खंड पडता कामा नये, हे डॉक्टरांनी इतक्यांदा बजावलं की मला झोपेतसुद्धा ते ऐकू यायला लागलं. मी म्हटलं माझ्याकडे राहा. पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि ताईला तेव्हा चार पायऱ्या चढवत नव्हत्या. शिवाय तिला तिचाच पलंग हवा होता. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की शहराजवळ घरगाडी लावायची कुठे.

भाऊजींनी तीन जागा काढल्या आणि एकाच दिवशी तिन्हीकडे खुर्ची टाकली. पहिली खेळाच्या मैदानामागची. तिथे त्यांनी जमिनीवर गवंड्याची पाणसळ ठेवली आणि तिथल्या तिथे फुली मारली. उतार होता, चाकांखाली कितीही ठोकळे सरकवले तरी ताईचं डोकं पायांपेक्षा खाली राहिलं असतं. दुसरी तळ्याकाठची. झाडी, सावली, चांगली बाई मालकीण. पण हॉस्पिटल सत्तावीस किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा अडीच किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पोटाला टाके असलेल्या बाईला त्यावरून रोज दोनदा न्यायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तिसरी बायपासलगतची. जमीन सपाट, पाण्याला जोर, डांबरी रस्ता, हॉस्पिटल अकरा मिनिटांवर. त्यांनी मला तिथूनच फोन केला. म्हणाले, मेहुणबाई, जागा मिळाली, आणि अगदी शांत आहे.

मी पोस्टात काउंटरला. सुट्टी मिळेपर्यंत पहिला रविवार उजाडला. बसमधून उतरले तर समोर बायपास, त्याला लागून वळण, वळणापुढे मालट्रकांचा डेपो, आणि या सगळ्याला पाठ लावून आमची घरगाडी. रविवार असूनही दर दोन-चार मिनिटांनी एक ट्रक वळणावर ब्रेक मारत होता. मी दारातच म्हटलं, अहो, ही शांत जागा? भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना चांदण्यात छत्री मागितली. ताई आतून म्हणाली, तू बस गं, मला सवय आहे, जन्म गेला यातच. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं, कारण पटलं नसतं तर पुन्हा जागा शोधण्यापासून सुरुवात होती. त्याची मला आजही लाज वाटते.

मी माझी छोटी मोटार त्यांना देऊन टाकली होती. रोज सकाळी साडेनऊला भाऊजी ताईला मागच्या सीटवर बसवायचे, दहाला मशीनखाली, अकराला परत. सगळं घड्याळाबरहुकूम. आणि ताई दिवसेंदिवस वाळत चालली. बाराव्या वेळेनंतर वजन चार किलोंनी उतरलं होतं. त्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले होते, तर हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये ती भिंत धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर काही दिवस थांबावं लागेल, आणि थांबणं चांगलं नाही. खाणं विचारलं, उलट्या विचारल्या. मग झोप विचारली. ताई काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, झोपते की, जागा एकदम शांत आहे. मी शेजारीच उभी होते. ताईने खाली मान घातली.

त्याच दिवशी दुपारी भाऊजी गॅसचं सिलिंडर भरून आणायला गेले. मी मुद्दाम मागे थांबले. ताईला पलंगावर आडवी केली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले, आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले. तिचा डोळा लागला. वळणावर एका ट्रकने ब्रेक मारला, तो हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला, आणि ताईने उशीवरून मान उचलली. दाराकडे बघितलं. मग डोकं टेकलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने मान उचलली तेव्हा मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ताई, काय चाललंय हे?

आधी ती नाहीच म्हणाली. मूग गिळून बसायची तिला लहानपणापासून सवय. मग तिने सांगितलं. लग्नानंतर ती दोघं हायवेलगतच्या दोन खोल्यांत राहायची, आणि भाऊजी महिन्यातून आठ-दहा दिवस घरी. कधी येतील याचा नेम नसायचा. त्यांची गाडी आली की घराजवळच्या वळणावर ब्रेक लागायचा. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांचा लागायचा.

"ब्रेक वाजला की मला वाटतं, आले," ताई म्हणाली. "मग दार वाजायची वाट बघते. मग लक्षात येतं, हे तर माझ्या शेजारीच झोपलेत. पण तोवर झोप गेलेली असते."

सहा वर्षं ती दोघं रानात, तळ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याशी राहिली होती, तेव्हा हे बंद झालं होतं. बायपासवर आल्याबरोबर पुन्हा सुरू झालं. इथे आल्यापासून ती सलग तासभरही झोपली नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारी बाईने असे हाल सोसत राहावं, आणि शेजारी पडलेल्या माणसाला पत्ता नसावा! मी विचारलं, मग बोलत का नाहीस, तोंडाला काय कुलूप लावलंय?

"कसं बोलू?" ती म्हणाली. "चाळीस वर्षांत यांनी माझ्यासाठी म्हणून पहिल्यांदा काही निवडलंय. उन्हात तीन ठिकाणी बसले त्यासाठी. तू बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. एक तास पाळली. भाऊजी सिलिंडर घेऊन आले, ते जोडून होईपर्यंत मी थांबले, आणि मग त्यांना बाहेर, गाडीमागे घेऊन गेले. म्हटलं, भाऊजी, ताईला या ट्रकांमुळे झोप लागत नाही.

"कुठल्या ट्रकांमुळे?" ते म्हणाले.

चेष्टा नव्हती. माणूस खरंच विचारत होता. मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, थांबा इथेच. थोड्या वेळाने एक ट्रक वळणावर आला. मी म्हटलं, हा. हा ऐकू आला? ते म्हणाले, हा रिकामा चाललाय. दुसरा आला. म्हणाले, याला मागचे ब्रेक बघून घ्यायला हवेत. म्हणजे ऐकू सगळं येत होतं. अगदी भरलाय की रिकामा हेही कळत होतं. पण चौतीस वर्षं जो माणूस ट्रकतळांवर, इंजिनाच्या घरघरीत झोपला, त्याच्या लेखी तो आवाजच नव्हता. आपल्याला आपल्या घरातला पंखा ऐकू येतो का? त्या खुर्चीत ते तासभर प्रामाणिकपणे बसले होते आणि त्यांना खरोखर शांतता ऐकू आली होती. तोंडावर आलेल्या शिव्या मी गिळल्या. मग ताईने वळणाबद्दल, दाराबद्दल जे सांगितलं होतं ते सगळं सांगून टाकलं. शपथ मोडायचीच तर अर्धवट कशाला मोडायची.

 भाऊजी आत गेले नाहीत, ताईला विचारलं नाही. मोटारीची किल्ली घेतली, ओट्याखालची मोठी परात घेतली आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा माझ्या मोटारीची मागची सीट चिंब भिजलेली होती.

तळ्याच्या रस्त्यावर गेले होते. परात काठोकाठ पाण्याने भरून मागच्या सीटवर ठेवायची आणि तो अडीच किलोमीटर पार करायचा. पहिल्या फेरीला सगळं पाणी सीटवर. मग कुठला खड्डा डावीकडून घ्यायचा, कुठे एक चाक कडेच्या गवतावरून न्यायचं, कुठे दुसरा गिअरसुद्धा जास्त होतो, हे एकेक पाठ करत गेले. तळ्याची मालकीणबाई परातीत पाणी भरून देऊन थकली. सातव्या फेरीला एक थेंबही सांडला नाही. अडीच किलोमीटरला एकवीस मिनिटं लागली.

"सीट वाळेल," ते मला म्हणाले. "आणि मेहुणबाई, तिला सांगू नका की तुम्ही सांगितलंत. मीच म्हणेन, इथल्या पाण्याची चव मला आवडत नाही."

तसंच म्हणाले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपाटातल्या बरण्या रुमालांत गुंडाळायला घेतल्या. शनिवारी आम्ही घरगाडी तळ्याकाठी हलवली. मीही दोन दिवस राहिले, सोमवारची रजा टाकली, कारण आता दहाला पोचायचं तर सव्वाआठला निघायला हवं होतं आणि ताईला तयार करायला कुणीतरी हवं होतं. शनिवारी रात्री ती थोडी झोपली, रविवारी दुपारीही झोपली. मधेमधे उठत होती. सवयीने मान उचलायची, बाहेर काहीच नाही म्हणून पुन्हा टेकायची.

इथे मला सांगून टाकू दे, की ताई आता नाही. त्यानंतर दीड वर्ष जगली. बरी अशी जगली, तेहेतीसच्या तेहेतीस वेळा पुऱ्या करून, एकही न चुकवता. त्या दीड वर्षाबद्दल मी डॉक्टरांचे आभार मानते आणि भाऊजींचेही. पण मला तिची आठवण येते ती त्या सोमवारची.

सात वाजता मी उठले तर भाऊजी बाहेर, आंघोळ करून, कपडे घालून तयार. मोटार दाराशी लावलेली. मी आत डोकावले. ताई कुशीवर, एक हात गालाखाली, तोंड जरा उघडं. लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपायचो तेव्हा ती अशीच झोपायची. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मी म्हटलं, भाऊजी, आता उठवते. ते दारात आडवे आले.

मी हळू आवाजात, पण चांगलंच झापलं त्यांना. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? खंड पडता कामा नये म्हणून डॉक्टर घसा कोरडा करतायत, आणि तुम्ही आज एक दिवस बुडवणार? आठ वाजले. सव्वाआठ झाले. ते पायरीवरून हलले नाहीत.

"चौतीस वर्षं ही माझ्यापायी जागी राहिली," ते म्हणाले. "मी हिला उठवणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

आणि मग ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे सवलत मागितली नाही, मालकाकडे नाही की नात्यातल्या कुणाकडे नाही, त्याने हॉस्पिटलला फोन लावला. तो माणूस खोटं बोलू शकला असता. गाडी बंद पडली म्हणता आलं असतं, गाडीच्या बाबतीत त्यांच्याइतकी पटण्यासारखी थाप कुणी मारली असती? पण ते म्हणाले, "मॅडम, माझी बायको झोपली आहे. आजची वेळ जरा पुढे मिळेल का?"

पलीकडची मुलगी बहुधा काहीच बोलली नसावी, कारण भाऊजींनी तेच वाक्य पुन्हा, अगदी तसंच म्हटलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. बरं म्हणाले. बरं, बरं, फार उपकार झाले. फोन ठेवला. म्हणाले, चारची वेळ दिली, एक पेशंट आज येणार नाही. मी दुसरीकडे तोंड केलं. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

ताई पावणेबाराला उठली. खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत आलेलं. तिने घड्याळ पाहिलं आणि घाबरून उठून बसली. उशीर झाला, मला उठवलं का नाही, आता डॉक्टर काय म्हणतील, एका दमात सगळं. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी सांगितलं की आज चारची वेळ आहे, निघायला अजून अडीच तास आहेत.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. कधी मागितली, कशी मागितली, काहीच विचारलं नाही.

"मग मी अजून जरा पडते," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.