चंद्राबाईचं मुळ्याचं बी

कोरेगावपासून कोसभर आत एका वाडीत चंद्राबाई सासरी नांदत होती. नांदत होती म्हणायचं ते जुन्या सवयीनं. नवरा नाथाजी पलटणीत होता, तो चव्वेचाळीस साली इटलीच्या लढाईत पडला. तेव्हापासून घराचा पुढचा सोपा धाकट्या दिराचा, आप्पासोचा. चूल जाऊबाईची, लीलाबाईची. आणि चंद्राबाईला उरलं ते घरामागचं परडं.

परड्यात तिचे मुळे असत. बी तिच्या आईचं, कवठे महांकाळकडचं. आई वारली, भाऊ देशोधडीला लागले, माहेर म्हणून राहिलं ते गाडग्यातलं हे मूठभर बी. दसरा झाला की ती वाफ्याची माती चाळणीनं चाळायची, कारण खडा आडवा आला की मुळ्याला दोन पाय फुटतात. वर राख, कुजलेलं शेणखत आणि न्हाणीचं पाणी. मुळे भरले की अगदी सरळ, नितळ असे सात ती वेगळे काढायची, पाला नि शेंडा छाटून पुन्हा मातीत पुरायची. ते फुलायचे, शेंगा म्हणजे डिंगऱ्या धरायच्या, त्या वाळल्या की आतलं पुढच्या सालाचं बी. आई सांगायची, "चांगला त्यो खायचा न्हाई, राखायचा."

शेहेचाळीसच्या जानेवारीत साताऱ्यात शेतीमालाचं प्रदर्शन भरणार होतं. आप्पासो परड्यात आला. असा तो कधी यायचा नाही.

"वैनी, तीन मुळं द्या. लांबलचक बघून. आपल्या घराचं नाव हुईल."

त्या सालचे सात अजून पुरायचे होते, त्यांतले तीन तिनं दिले. जीव तुटला, तरी धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळूनही दिले. शेजारची शालूबाई लेकीला भेटायला साताऱ्याला निघाली होती. तिच्याबरोबर चंद्राबाईही मोटारीत बसली. घरी सांगितलं, शालूबाईच्या लेकीला बाळ झालंय, बघून येते.

मांडवात बायकांच्या गर्दीत ती मागं उभी राहिली. तिचे मुळे टेबलावर होते, हातभर लांब, पांढरेशुभ्र. पहिला नंबर पुकारला. आप्पासो पुढं गेला, डोक्याला फेटा बांधून घेतला. बक्षीस देणाऱ्या साहेबानं विचारलं, एवढा मुळा पिकवलास कसा? आप्पासोनं घसा साफ केला. माती चाळायची, म्हणाला. राख टाकायची. चांगला मुळा राखायचा.

"बी माझ्या आईचं हाय सायेब," तो म्हणाला. "जपून ठिवलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालूबाईनं चंद्राबाईच्या दंडाला धरलं. "आगं, बोल की!" पण ती पदर पुढं ओढून गर्दीत आणखी मागं सरली.

घरी आल्यावर मात्र तिनं विचारलं. "भावजी, बी माज्या आईचं. तुमच्या आईला मुळ्याचा वाससुदीक सोसत नव्हता."

आप्पासो फेटा सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "मग काय तुमचं नाव सांगू? कपाळ पांढरं असलेल्या बाईचं नाव भरल्या मांडवात घ्यायचं? आन परडं कुनाच्या नावावर हाय, वैनी?"

लीलाबाई चुलीपाशी होती. भाकरी थापत राहिली.

फाल्गुनात उरलेले चार मुळे फुलले. आप्पासोनं गावभर बी कबूल करून टाकलं होतं. एक मूठ लालासाहेब पाटलांना, एक मूठ साताऱ्याच्या साहेबाला. गाडगं तर त्या साली रिकामंच होतं, सगळं पेरून झालेलं. डिंगऱ्या कोवळ्या, हिरव्यागार होत्या तेव्हाच एके सकाळी चंद्राबाई परड्यात गेली आणि एकूण एक खुडल्या. झाडं उपटून म्हशीपुढं टाकली. डिंगऱ्यांची भाजी केली, लसूण नि तीळकूट घालून.

"लय झ्याक झालीया," आप्पासो म्हणाला आणि दोनदा मागून घेतली. ती वाढत राहिली.

बी मागायला तो चैत्रात आला. तिनं गाडगं पालथं करून दाखवलं. "खाल्लं की तुमी. दोनदा मागून."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं गाडगं हिसकावून भिंतीवर आपटलं. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. पाटलांपुढं तोंड दाखवायला लाजू लागला. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं पहिले दोन दिवस वाटलंही.

मग दसरा आला. आप्पासोनं बाजारचं बी आणून पेरलं. मुळे बोटाएवढे झाले, आतून जाळीदार. चंद्राबाईनं एक चावून पाहिला नि थुंकला. शालूबाईला घेऊन ती कवठे महांकाळच्या बाजाराला जाऊन आली, आईच्या गल्लीत दारोदार विचारून आली. कुणाकडंच तसलं बी नव्हतं.

"एवढं काय त्या मुळ्याचं?" परतीच्या वाटेत शालूबाईनं विचारलं.

"काय न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "आप्पासोनं नाव तेवढं चोरलं. बी मी शिजवलं."