फोटोखालची ओळ

आमच्या मुलुंडच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच, हिरव्या कापडाचा एक बोर्ड आहे. विद्यार्थी परिचारिकांच्या संघटनेचे नवे पदाधिकारी निवडले गेले की त्यांचे फोटो त्यावर लागतात. फोटोखाली पद आणि पदाखाली एक कार्ड. त्या कार्डावर पुढे काय व्हायचं आहे ते एका ओळीत, स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मग पदग्रहणाच्या दिवशी आईवडिलांसमोर माइकवर तीच ओळ म्हणायची, अशी आमच्याकडची पद्धत.

तिसऱ्या वर्षी मी सेक्रेटरी झाले. निवडून आले म्हणायला अजून संकोच वाटतो, कारण माझ्यासमोर कुणी उभंच नव्हतं. बैठकीत काय ठरलं ते वहीत लिहून ठेवायचं काम कुणालाच नको होतं, आणि माझं अक्षर बरं होतं. अध्यक्ष झालेली मुलगी बोरिवलीची, चालतानासुद्धा कुठेतरी पोचायचंय असं चालणारी. उपाध्यक्ष मुलुंडचाच, घरी मालवणी बोलणारा, आणि गेले सहा महिने जर्मन शिकणारा. आम्ही तिघं एकमेकांना नावाने हाक मारणं कधी बंद केलं ते आठवत नाही. "ए सेक्रेटरी, पेन दे." "अध्यक्ष बाई, डबा खायचा का?" असंच चालायचं.

कार्डं आली त्या दुपारी अध्यक्षाने उभ्या उभ्या लिहून टाकलं: केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर. उपाध्यक्षाने लिहिलं: जर्मनीत वृद्धांची शुश्रूषा. मी पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कुठलाही फॉर्म पुढे आला की आधी शेजारच्याने काय लिहिलंय ते बघायची मला सवय लागली आहे. त्या दिवशीही मी तेच केलं. एकाकडून अर्धं, दुसऱ्याकडून अर्धं घेतलं आणि लिहिलं: परदेशातील मोठ्या रुग्णालयात आयसीयू नर्स. अक्षर फार सुंदर आलं. ते बघून मला क्षणभर खरंच वाटलं की हे माझंच आहे.

अर्थात ते अगदी परकंही नव्हतं. आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावर राहतो. आमच्या पत्र्यावरून विमानं इतकी खाली येतात की त्यांची चाकं उघडलेली दिसतात. लहानपणी मी आणि आई दारात बसून ती बघायचो. दुपारच्या उन्हात ती पांढरी, मऊ दिसत, जणू कुणीतरी धुतलेली चादर दोन्ही टोकांनी धरून हळूहळू खाली आणतंय. आई म्हणायची, "एक दिवस तू यातनं जाशील." मी विचारायचे, "कुठे?" ती म्हणायची, "लांब." ते लांब म्हणजे कुठे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं, पण तिथे सगळं स्वच्छ असणार आणि हळू आवाजात बोलत असणार, अशी माझी कल्पना होती.

आई एका छोट्या नर्सिंग होममध्ये काम करते. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला धरून चालवणं. तिथे तिला सगळे मावशी म्हणतात, तिच्यापेक्षा मोठे पेशंटही. सिस्टरांच्या टेबलामागे दोन खुर्च्या असतात, त्यांवर मावशींनी बसायचं नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही. एकदा रिकामी बघून आई बसली होती, तर कुणी ओरडलं नाही, फक्त एक सिस्टर समोर येऊन काही न बोलता उभी राहिली. आई उठली. हे तिने मला एकदाच सांगितलं, मी नर्सिंगला प्रवेश घेतला त्या दिवशी. म्हणाली, "तू त्या खुर्चीत बसायचंस. बास."

मला काय हवं होतं, ते मात्र मला दुसऱ्या वर्षीच समजलं होतं. मुलुंडच्या डोंगराखालच्या वस्तीत आम्हाला घरभेटींना पाठवत तेव्हा. सकाळी निळे ॲप्रन घालून, खांद्याला बॅग लावून आम्ही चढ चढायचो. बॅगेचेही नियम असतात. कुणाच्याही घरात ती थेट जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे आणि मगच ती उघडायची. परक्याच्या घरात वर्तमानपत्र पसरताना मला नेहमी वाटायचं, की तेवढ्या दोन हात जागेपुरती मी इथली झाले. कुकरची शिट्टी होत असे, कुठेतरी रेडिओ चालू असे, आणि मागच्या डोंगरावरून येणारा वारा दाराचा पडदा आत ढकलून परत ओढून घेत असे. त्या सकाळी आठवल्या की त्या खरंच घडल्या की मी पुढे कधीतरी त्यांना रंगवून घेतलं, ते मला सांगता येत नाही.

तिथेच माझी एक चूक झाली. एका आजींचं तपासणं चाललं होतं. जे करणार ते पेशंटला आधी सांगायचं, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मी प्रामाणिकपणे म्हणाले, "आजी, आता मी तुमचे श्वास मोजते हां." आजी ताठ बसल्या. मोठा श्वास घेतला, धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं, सोडला, पुन्हा घेतला. शाळेत तपासणीला आल्यासारख्या.

आमच्याबरोबर आलेल्या शिकवणाऱ्या मॅडम मला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या, "अगं वेडे, सगळं सांगून करायचं, श्वास सोडून. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. त्यांना वाटू दे नाडीच चाललीय. तेवढ्यात तू छातीकडे बघून श्वास मोज. मोजतोय म्हटलं की कुणाचाच श्वास खरा राहत नाही."

मी आत गेले तेव्हा आजींनी घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची पदराने पुसून ठेवली होती. "बस बाय." मी नको नको म्हणाले. दारातून मॅडमनी डोळे मोठे केले. नंतर म्हणाल्या, "दिलेल्या खुर्चीवर बसायचं. नाही बसलीस तर त्यांच्या घराला नाव ठेवल्यासारखं होतं." मी बसले, आजींचं मनगट धरलं आणि बोलता बोलता मोजलं. अठरा. तो आकडा मला अजून पाठ आहे.

पदग्रहणाच्या आठवड्यात आम्ही तिघं भाषणाच्या सरावाला लॅबमध्ये जमलो. तिथे खाटेवर एक रबरी पुतळा झोपलेला असतो. सुई टोचायला, पट्टी बांधायला आम्ही त्याच्यावरच शिकलो. त्याला प्रत्येक बॅच आजोबा म्हणते. दुपारी पश्चिमेकडचं ऊन त्यांच्या चादरीवर पडतं आणि मग ते नुकतेच जेवून आडवे झालेत असं वाटतं.

उपाध्यक्षाने आजोबांना वाकून नमस्कार केला. "गुटन टाग, आजोबा. मी जर्मनीक चल्लंय. तुमच्यासारख्यांची सेवा करुक."

"ते घेणार नाहीत तुला," अध्यक्ष म्हणाली. "आजोबांनी बघितलंय तू इंजेक्शन कसं देतोस."

माझी पाळी आली. मी ओळ म्हटली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अगो, तू मधेच श्वास धरतंस," उपाध्यक्ष म्हणाला. "परदेशातील म्हणताना. बुडत असल्यासारखो."

मी हसून सोडून दिलं. तो चहा आणायला गेला. अध्यक्ष माझ्याजवळ खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "दे हात, नाडी बघते. प्रॅक्टिस." मी दिला. मग तिने सहज विचारलं, "ती खुर्चीवाली आजी आहे का गं अजून? डोंगराखालची?"

मी सांगू लागले. आजींच्या पायाची जखम कशी भरली, त्यांची सून आता मुलाला वेळेवर लसी देते, खालच्या गल्लीतली एक मुलगी गरोदरपणात गोळ्या फेकून द्यायची आणि मी तिच्याबरोबर बसून तिला गोळी कशी घ्यायला लावली, पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई वस्तीत आल्या की घराघरातून कशी हाक येते. चहा आला, गार झाला. ऊन आजोबांच्या छातीवरून हनुवटीपर्यंत सरकलं.

अध्यक्षाने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"नाडी एवढा वेळ?" मी विचारलं.

"नाडी केव्हाच झाली," ती म्हणाली. "मी दुसरंच मोजत होते. एकदाही अडकली नाहीस यार." तिने फायलीतून एक कोरं कार्ड काढलं आणि माझ्या वहीत सरकवलं. "बघ बाबा. तुझं तू."

ते कार्ड चार दिवस माझ्या वहीत राहिलं. मी त्यावर काही लिहिलं नाही. रोज बोर्डासमोरून जाताना माझा फोटो आणि ते सुंदर अक्षर दिसे. आईचा विचार मनात आला की हात उचलत नसे.

पदग्रहणाच्या दिवशी आई सुट्टी घेऊन आली. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. जिना चढून आली आणि बोर्डासमोर थांबली. अक्षराखाली बोट फिरवत तिने हळूहळू वाचलं. परदेशातील. मोठ्या. रुग्णालयात. मग तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि त्या ओळीचा फोटो घेतला. पहिला हलला म्हणून दुसरा घेतला. मी तिच्या मागे उभी होते. तिच्या मानेवरचा गजरा बघत मी विचार करत होते की आता काहीच बदलता येणार नाही.

माइकपर्यंतचं अंतर मला फार लांब वाटलं. पाण्यातून चालल्यासारखं. अध्यक्ष बोलली, उपाध्यक्ष बोलला, त्याच्या आईने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. "मला परदेशातील" इथपर्यंत आले आणि श्वास धरला गेला. तो धरलेला मला कळला. पहिल्या रांगेत आजींसारखीच आई ताठ बसली होती, माझ्याबरोबर तीही श्वास धरून.

मी म्हणाले, "मला वस्तीत घरोघरी जाणारी नर्स व्हायचंय. आरोग्य केंद्रातली." आणि माझ्या लिहिण्यात आणि बोलण्यात फरक आहे हे सगळ्यांना समजलंय असं वाटून पुढे म्हणाले, "बोर्डावर मी बघून लिहिलं होतं." मागून कुणीतरी हसलं. टाळ्या झाल्या. आईने वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. भांडुप गेलं. गांधीनगरच्या सिग्नलला म्हणाली, "एवढं शिकून परत वस्तीतलेच चढ चढणार." तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो मला जास्त लागला.

घरी तिने साडी बदलली, चहा केला, आणि आम्ही सवयीने दारात बसलो. ऊन उतरलं होतं. खालच्या नळावर कुणीतरी हंडे लावत होतं.

चहा पिता पिता आई म्हणाली, "तिथे वस्तीत खुर्ची कुठे असते गं?"

"असते," मी म्हणाले. "एकच असते. पदराने पुसून देतात."

"आणि तू बसतेस?"

"बसते. बसायलाच लागतं."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पुसून देतात," एवढंच, प्रश्न नसल्यासारखं.

मी तिचा हात मांडीवर घेतला. "नाडी बघू?"

"बघ. तुझी प्रॅक्टिस."

तिची बोटं फिनेलने नेहमीसारखी खरखरीत होती. नाडी मोजून झाली. मी मनगट सोडलं नाही. एक विमान आलं, चाकं उघडून, आमच्या पत्र्यावरून सावली ओढत गेलं, आणि आई मान वर करून शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्या पदराकडे बघत होते. पदर वर होत होता, खाली होत होता. कुठे अडकत नव्हता.

"झालं का? किती?"

"बहात्तर."

"बरंय ना?"

"छान आहे."

दुसरा आकडा मी सांगितला नाही. आई उठली, दोन्ही कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "उद्या गेलीस की आधी ते कार्ड बदल. लिहिलंय एक, बोललीस एक. लोक काय म्हणतील?"

"आणि तू काढलेला फोटो?"

"तो राहू दे," आतून आवाज आला. "अक्षर चांगलं आलंय."