अध्यक्षाची उलटी बटणं

माझं आणि त्या म्हाताऱ्याचं वैर जुनं आहे. म्हातारा म्हणजे अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी एक. पांढरे केस, काळा कोट आणि कुणीतरी भाव पाडून मागितल्यासारखे आवळलेले ओठ. खरं तर त्याने माझं काहीच वाकडं केलेलं नाही. वाकडं केलं ते ब्लेझरवाल्याने. पण दर महिन्याला बघावं लागायचं ते तोंड म्हाताऱ्याचं, त्यामुळे राग त्याच्यावरही निघायचा.

मी जुन्या तसबिरी आणि फ्रेमा विकते. माल लंडनजवळ पिनरला घराच्या गॅरेजमध्ये असतो आणि महिन्यातल्या एका रविवारी रीडिंगजवळच्या एका स्पोर्ट्स हॉलमध्ये अँटिक फेअर भरतं, तिथे टेबल लावते. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला कुणी काम दिलं नाही, म्हणून मी ते स्वतःला दिलं. चॅरिटी शॉपमधून मोडक्या फ्रेमा उचलायच्या, सांधायच्या, पॉलिश करायच्या आणि विकायच्या. भाव करायला कुणी शिकवावं लागलं नाही. माझं टेबल दाराजवळ असतं, जिथे वारा येतो. हॉलच्या मधोमध, स्वतःचं कार्पेट अंथरून, ब्लेझरवाला बसतो. नेव्ही ब्लू ब्लेझर, खिशात रेशमी रुमाल, आणि समोरची बाई कोणत्याही वयाची असो, तिला "माय डिअर".

मी नवी होते तेव्हा एका घराचा माल उचलताना फ्रेमांबरोबर या म्हाताऱ्याचं तैलचित्र माझ्याकडे आलं होतं. ब्लेझरवाला माझ्या टेबलाशी थांबला, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाला, "कुणीतरी नगरसेवक असेल, माय डिअर. चित्राला किंमत नाही. फ्रेमची किंमत देतो."

आणि मी दिलं. पुढच्याच फेअरला ते चित्र त्याच्या कार्पेटवर ईझलवर उभं होतं. खाली पितळी पट्टी, पट्टीवर अध्यक्षाचं पूर्ण नाव आणि त्याखाली, 'प्रत्यक्ष समोर बसवून काढलेलं'. माझ्या तोंडाला पानं पुसून वर मलाच हसून "मॉर्निंग, माय डिअर". तळपायाची आग मस्तकात गेली.

आता, मी सहजासहजी फसणारी बाई नाही. मी ते चित्र दिलं कारण मी त्यात आधीच खोट काढली होती. कोटाची बटणं उलट्या बाजूला होती. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बायकांच्या कोटाची उजवी. या म्हाताऱ्याची उजवी वर होती. मी मनात म्हटलं, उलट्या फोटोवरून केलेलं काम आहे, टाकाऊ.

हे मला कळतं याचं कारण माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. आमच्या तालुक्याच्या गावी कुणी गेलं की तेराव्याला हार घालायला मोठा फोटो लागायचा. लोक लग्नाच्या अल्बममधला बोटाएवढा चेहरा घेऊन यायचे. बाबा त्याची निगेटिव्ह काढून ती मोठी करायचे, वर तैलरंगाने हात फिरवायचे, साडीला काठ द्यायचे, गालाला रंग द्यायचे. एकदा घाईत निगेटिव्ह पालथी पडली. फोटो सुंदर झाला होता. बाबांनी स्वतः नेऊन दिला. भिंतीवर लावला, हार घातला, उदबत्ती लावली आणि मग मागून धाकट्या सुनेचा आवाज आला, "अहो, सासूबाई गुजराती कधी झाल्या?"

पदर उजव्या खांद्यावर होता आणि नथ उजव्या नाकपुडीत. भटजी हसले, जावई हसले. थोरला मुलगा मात्र उठून म्हणाला, "ही आमची आई नाही," आणि त्याने हार उतरवून घेतला. बाबा तो फोटो काखेत मारून, गावातून चालत परत आले. त्यानंतर स्टुडिओत एकच नियम झाला: आधी बटणं, नथ, पदर, चेहरा मग. मी त्या नियमातच वाढले. आजही पार्टीत माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या शर्टाच्या पट्टीवर जाते.

तर ब्लेझरवाल्याची पितळी पट्टी खोटी होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समोर बसवून काढलेल्या माणसाची बटणं उलटी होत नाहीत. मी हे त्याला चारचौघांत सांगितलंही. तो म्हणाला, "चित्रकारांच्या चुका होतात, माय डिअर." चारचौघे हसले. पुरावा माझ्याकडे नव्हता. चित्र मात्र विकलं जात नव्हतं, कारण किंमत त्याने आभाळाला भिडवली होती. दर महिन्याला म्हातारा कार्पेटवर आणि मी वाऱ्यात. मला ते चित्र परत हवं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि मग या वसंतात कॉव्हेंट्रीहून एका काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान तिथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर डॉक्टर होते, दोन वर्षांमागे गेले. काकू आता मुलीकडे राहायला जाणार होत्या. "अगं, यांनी बाजारातून आणलेलं भंगार आहे घरभर. तुला उपयोगी असेल ते बघ, बाकीचं कौन्सिलच्या कचरागाडीला देऊन टाकते."

भंगार खरोखरच भंगार होतं. मी दोन फ्रेमा बाजूला काढल्या, चहा घेतला आणि कपबशी घेऊन उठणार तेवढ्यात काकूंनी पर्समधून चामड्याची छोटी डबी काढली, पुस्तकासारखी उघडली आणि तिच्यात बघून टिकली नीट केली.

"काकू, ते काय आहे?"

"हा? आरसा. प्रवासात बरा पडतो. जुना आहे, मध्येच त्यात एक म्हातारा दिसतो. पण जरा तिरका धरला की जातो."

मी डबी हातात घेतली. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची प्लेट होती, फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या दिवसांतली. असा फोटो सरळ धरला तर आरशासारखा चमकतो, तिरका केला की माणूस वर येतो. मी तिरका केला आणि म्हातारा वर आला. तोच. तेच ओठ, कपाळावर तीच बट, कॉलरला उजवीकडे तीच घडी. आणि माझी नजर सवयीने खाली गेली. बटणं उलटी.

माझ्या हातातली बशी काकूंनी काढून घेतली म्हणून वाचली.

अशा प्लेटमध्ये निगेटिव्ह नसते. माणूस समोर बसतो आणि आरशात दिसावा तसा, डाव्याचा उजवा होऊन, थेट प्लेटवर उमटतो. म्हणजे अध्यक्षपद सुटल्यावर कितीतरी वर्षांनी, म्हातारपणी, खरोखर समोर बसला होता तो या प्लेटसमोर. चित्रकाराने प्लेट पुढ्यात ठेवून चित्र काढलं आणि उलटी बटणं इमानाने उतरवली. इतकी वर्षं मी जे म्हणत होते ते काकूंच्या पर्समध्ये पडून होतं, कुंकवाचा डाग लागून.

मी काकूंना सरळ सांगितलं. घासाघीस मी सगळ्यांशी करते, पण तिथे केली नाही. "काकू, हा अमेरिकेचा अध्यक्ष आहे. याची मोठी किंमत येऊ शकते. लिलावात घालायचा असेल तर मी नेऊन देते."

"आणि मी टिकली कशात बघून लावू?"

"काकू, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. लिलाव-बिलाव मला नको, या वयात कोण फॉर्म भरणार. तू मला चांगला आरसा आणून दे. लाकडाचा, नक्षीचा, उभं राहून पूर्ण दिसेन असा. आणि हा तू ठेव. पण विकू नकोस हं. यांनी आणलेला आहे."

माझ्याकडचा सगळ्यात चांगला आरसा, अक्रोडाच्या लाकडाचा, दुसऱ्याच शनिवारी नवऱ्याने आणि मी कॉव्हेंट्रीला पोचवला. काकूंनी त्यात पदर सारखा करून बघितला. "आता बरोबर दिसतेय," म्हणाल्या.

फेअरच्या सकाळी गाडीत मी नवऱ्याला बेत सांगितला. "आज तोंड उघडायचं नाही. लोक पांगले की त्याला एकट्याला गाठायचं, प्लेट दाखवायची आणि चित्राची किंमत पाडायची."

"तू? तोंड न उघडता?" तो म्हणाला. "मी कॉफी घेऊन पुढच्या रांगेत बसतो."

हॉलमध्ये शिरले आणि बघते तर काय, ब्लेझरवाल्याच्या कार्पेटवर एक अमेरिकन जोडपं उभं होतं. बाई चित्रासमोरून हलत नव्हती, नवरा पाकीट चाचपत होता. ब्लेझरवाला हात हलवून सांगत होता, "कल्पना करा, अध्यक्ष खुर्चीत बसलेत, चित्रकार समोर उभा आहे." आणखी पाच मिनिटांत म्हातारा समुद्रापार गेला असता आणि माझ्या हाती पुन्हा वारा.

बेत तिथेच संपला. मी कार्पेटवर गेले, बूट न पुसता.

"बाई, याच्या कोटाची बटणं बघा," मी म्हटलं.

"चित्रकारांच्या चुका होतात, माय डिअर," ब्लेझरवाला म्हणाला. हेच वाक्य, हाच स्वर.

"मग कॅमेऱ्याचीही तीच चूक झाली का?" आणि मी डबी उघडून त्या बाईच्या हातात दिली.

तिने ती इकडे तिकडे तिरकी केली आणि एकदम स्थिर धरली.  नवऱ्याला कोपराने जवळ ओढलं. आजूबाजूची टेबलं सोडून लोक यायला लागले. ब्लेझरवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि प्लेट बघितली. तो मूर्ख नाही, हे मला मान्य करावं लागतं. त्याने क्षणात उलटा डाव टाकला. "छान आहे. कुणीतरी माझ्या चित्राचाच फोटो काढून ठेवलाय."

याचीच मी वाट बघत होते. माझ्या टेबलावरून हातात मावेलसा आरसा आणला आणि चित्रासमोर धरला. "ही प्लेट आरशासारखी आहे. चित्राचा फोटो काढला असता तर असा आला असता. बघा."

आरशातला म्हातारा दुसरीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचा कोट अगदी पुरुषासारखा लागला होता. प्लेटमधला मात्र चित्रासारखाच, उलट्या बटणांचा. हॉलमध्ये कुणीतरी हळूच शीळ घातली. माझे कान तापले होते आणि खरं सांगायचं तर असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"आम्हाला दोन्ही हवेत," अमेरिकन नवरा म्हणाला. "जोडी. किंमत सांगा."

ब्लेझरवाल्याने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "अर्धं अर्धं. तू आणि मी. डोकं चालव."

डोकं चालत होतं. त्या पैशात गॅरेजऐवजी दुकान झालं असतं. मी दारापाशी कॉफी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. म्हणजे, तुझा म्हातारा, तू बघ. मला काकूंची टिकली आठवली.

"प्लेट विकायची नाहीये," मी म्हटलं.

जोडप्याने विनवलं, कार्ड दिलं, पुन्हा विनवलं. शेवटी ती बाई ब्लेझरवाल्याला नम्रपणे म्हणाली, "प्लेटशिवाय आम्हाला नुसती नक्कल नको," आणि दोघं निघून गेली. गर्दी पांगली. ब्लेझरवाला खुर्चीत बसला. पितळी पट्टीवरची ती ओळ आता कुणी वाचली तरी हसणार होतं.

मी चित्रासमोर उभी राहिले आणि घाई केली नाही. या वाक्याची मी आंघोळ करताना, भांडी घासताना, एम-फोर हायवेवर अडकलेल्या गाडीत तालीम केली होती.

"चित्राला किंमत नाही," मी म्हटलं. "फ्रेमची किंमत देते."

त्याने माझ्याकडे बघितलं. आठवायला त्याला थोडा वेळ लागला. आठवल्यावर मात्र तो हसला, पोट धरून, रुमाल डोळ्यांना लावून. माझा राग त्या हसण्याने वाढला आणि का कोण जाणे, थोडा उतरलाही.

"ठीक," तो म्हणाला. "पण फ्रेम माझी. मी तिच्यावर नवं सोनेरी पाणी चढवलंय."

"फ्रेमची किंमत देऊन फ्रेम मिळणार नाही?"

"भाव तू सांगितलास, माय डिअर."

त्यावर आम्ही हॉल बंद करणारा माणूस किल्ल्या वाजवेपर्यंत भांडलो. फ्रेम त्याच्याकडे राहिली. राहू दे, माझ्याकडे फ्रेमांनी गॅरेज भरलंय. नुसतं चित्र चादरीत गुंडाळून मी घरी आणलं, पुढच्या सीटवर बसवून, पट्टा लावून. नवरा मागे बसला. गाडी मी चालवली.

आता चित्र आणि प्लेट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी असतात. विकायची नाहीत. खाली मी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'आधी बटणं बघा.' लोक वाऱ्यात उभे राहून बघतात, आरसा मागून घेतात आणि जाताना एखादी फ्रेम नेतात. बऱ्याच लोकांना ब्लेझरवालाच पाठवतो. कार्पेटवरून हात करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगतो, "दाराजवळच्या टेबलावर जा. ती जोडी आम्ही शोधली."

आम्ही.

मी गिऱ्हाइकाला भाव सांगता सांगता थांबते आणि हॉलपार ओरडते, "मी शोधली." तो हात वर करून मान्य करतो. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आम्ही.